एका तारेवर दोन घोर

प्रज्ञा ओहोळ माझ्या लक्षात आली ती तिच्या बाकामुळे. पाचवीचा वर्ग होता. छताला एकच पंखा, आणि त्याच्या बरोबर खाली तिचा बाक. आठवड्याच्या सुरुवातीला सरळ असलेली रांग शनिवारपर्यंत भिंतीकडे कललेली दिसायची. मला वाटलं, झाडलोट करणाऱ्या रंगुबाई बाक नीट लावत नाहीत. त्यांना मी बोललेसुद्धा. मग एकदा प्रार्थनेच्या आधी वर्गात गेले, तर ही एवढीशी मुलगी दोन्ही हातांनी बाक रेटत होती.

"काय गं, काय चाललंय?"

"बाई, पंखा पडला तर?"

"पंखे असे पडत नसतात."

तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "जे पडतात ते आदल्या दिवशी असेच दिसत असतील ना, बाई?"

मी बाक होता तिथेच राहू दिला.

भित्री मुलं मी पुष्कळ पाहिली. भीती वाटली की बहुतेक मुलं डोळे मिटून घेतात, आईच्या पदरात तोंड खुपसतात. प्रज्ञा डोळे उघडे ठेवायची. ज्याची भीती वाटे त्याच्याकडे टक लावून बघायची. ते कुठे सैल आहे, कुठून तुटेल, हे शोधत राहायची. त्यामुळे तिची भीती कमी झाली असं मात्र मला कधी दिसलं नाही.

मोठी झाल्यावर तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि संगमनेरातच एका क्लासमध्ये शिकवू लागली. लग्न झालं ते गावातल्याच महेंद्रशी. तो सूतगिरणीत इंजिनिअर होता. लग्नानंतर वर्षभरात त्याला इंडोनेशियातल्या एका मिलमध्ये नोकरी लागली आणि तो गेला. तिकडे बिऱ्हाड लागलं की प्रज्ञानंही जायचं, असं ठरलेलं. घरी ती आणि सासूबाई, कलाबाई. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे येणं-जाणं होतं.

जाण्यापूर्वी महेंद्रनं घरात दोन सोयी केल्या होत्या. एक म्हणजे पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि मोडेम. मोडेम ही एक छोटी डबी. कॉम्प्युटरचं बोलणं ती टेलिफोनच्या तारेतून पाठवते, एवढं मला प्रज्ञानं सांगितलेलं. इंटरनेटचं खातं पुण्याचं होतं, म्हणून दर वेळी एस.टी.डी. करून पुण्याला जोडावं लागे. जोडताना ती डबी अशी किंचाळायची, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते.

दुसरी सोय आईसाठी. कलाबाईंचे गुडघे धरलेले. फोन वाजला की मागच्या खोलीतून पुढे येईपर्यंत तो बंद पडायचा. म्हणून महेंद्रनं त्याच तारेला दुसरं यंत्र जोडून ते आईच्या कॉटशेजारी ठेवलं. तेव्हा आमच्याकडे हे सर्रास चाले. फोन एकच, पण मागच्या खोलीत, माडीवर, कधी तर शेजारच्या भावाच्या घरातही त्याच तारेवर दुसरा फोन. त्याला पॅरलल म्हणत. इकडचा उचलला की तिकडचं बोलणं ऐकू येई. कलाबाईंनी आपल्या फोनवर क्रोशाचा रुमाल घातला होता. "ह्यो माजा फोन," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. बुद्धपौर्णिमा नुकतीच झाली होती. वर्तमानपत्रं पोखरणच्या अणुचाचण्यांनी भरलेली, त्यामुळे जकार्ता शहर पेटल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत होती. प्रज्ञानं ती वाचली. संध्याकाळी टीव्हीवर जळती दुकानं दिसली, रस्त्यात उलट्या पडलेल्या मोटारी दिसल्या. महेंद्रची मिल शहराबाहेर होती, पण व्हिसाच्या कामासाठी त्याला अधूनमधून शहरात जावं लागे. या आठवड्यात जायचं आहे, असं त्यानं मागच्या फोनवर सांगितलं होतं.

ती बसस्थानकाजवळच्या आय.एस.डी. बूथवर जाऊन बसली. मिलचा नंबर काही केल्या लागला नाही. बूथवाला शेवटी म्हणाला, "ताई, घरी जा. तुमच्याकडं बघून मलाच घोर लागला."

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा सासू-सुनेची बोलाचाली चालली होती.

"फोन मोकळा ठिव," कलाबाई म्हणत होत्या. "त्यो फोन करंल. तू त्या डबड्याला लावून बसलीस तर त्याला लागंल कसा?"

"आत्या, तिकडून फोन लागतच नाहीयेत. आली तर ई-मेलच येईल."

"आन तू लावून बसली आसताना त्यानं केला तर?"

कलाबाईंचं म्हणणं खरं होतं आणि प्रज्ञाचंही. तार एकच होती. इंटरनेट जोडलं की बाहेरून करणाऱ्याला फोन गुंतलेला मिळणार. मोकळा ठेवला तर पुण्यात येऊन पडलेलं पत्र तिथंच राहणार. शेवटी ठरलं, की मधूनमधून थोडा वेळ जोडायचं आणि बाकी वेळ फोन मोकळा ठेवायचा.

पत्र आलेलं होतं, हे पहिल्याच प्रयत्नात कळलं. पडद्यावर आधी दोन पत्रं असल्याचं दिसलं, मग तीन. पण ती क्रमानं उतरतात. पहिलं पूर्ण आल्याशिवाय दुसरं येत नाही. आणि पहिलं पत्र अवाढव्य होतं. किती उतरलं ते दाखवणारी निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची, थोडी पुढे जायची आणि जोडणी तुटायची. पुन्हा जोडलं की पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

"कुणाचं हाय?" कलाबाईंनी विचारलं.

"उतरल्याशिवाय कळत नाही, आत्या. मोठं आहे फार."

कलाबाईंनी थोडा विचार केला. "मोठं हाय तर चांगलंच आसंल. वाईट काय आसलं तर तार यायची आमच्याकडं. लई आखूड आसायची ती."

त्या हे धीर देण्यासाठी बोलल्या. पण मागच्या दोन पत्रांपैकी एक अगदीच लहान आहे, हे प्रज्ञाला पडद्यावर दिसत होतं.

पुण्यात कुणाला सांगून पत्र उघडून घ्यावं, तर आमच्या ओळखीत इंटरनेट असलेलं एकही घर नव्हतं. क्लासला सुट्टी होती आणि मालक किल्ली घेऊन गावी गेलेले. म्हणजे या घरातली ही एकच वाट होती, आणि प्रज्ञा त्या वाटेकडे बघत बसली. पुढे दोन दिवस तिनं जे केलं ते मी जवळून पाहिलं. जेवण नाही, झोप नाही, पण हात स्थिर. कुठे अडतंय, हे ती एकेक करून तपासत होती.

जोडणी झाली की पडद्यावर एक आकडा येई. तिचा मोडेम तेहेतीस हजार सहाशेचा होता. आकडा मात्र यायचा नऊ हजार सहाशे.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"बाई, जोडताना तो आवाज येतो ना, तेव्हा इकडचं आणि तिकडचं यंत्र तारेची परीक्षा घेतात. तार स्वच्छ असली तर भरभर बोलायचं ठरवतात. खरखर असली तर सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आमच्या तारेत खरखर आहे."

"ती पुण्यापर्यंत कुठेही असू शकेल."

"हो. पण आधी घरातली बघते."

तिनं रिसीव्हर कानाला लावून मलाही ऐकवलं. तव्यावर थेंब पडावेत तसं चरचरत होतं. मग तिनं समोरच्या गहिनीनाथला हाक मारली. हा टेम्पोवाला, त्याच्या घरी फोन नव्हता, त्याची गिऱ्हाइकं याच नंबरावर निरोप ठेवायची. तो शिडी घेऊन आला आणि खांबापासून तार चाचपत निघाला.

"वहिनी, माझा टेम्पो माल भरून घाट चढतो तरी तुमच्या त्या डबीएवढा दमत नाही."

"भाऊजी, बोला कमी, बघा जास्त."

"बघतोय. महेंद्र आला की त्याला सांगणार, तुझ्या बायकोनं मला खांबावर चढवलं म्हणून." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. त्यानं मान फिरवली आणि उगाच खोकत राहिला.

दोष सापडला कूलरच्या मागे. उन्हाळ्यासाठी खिडकीत बसवलेल्या कूलरचं पाणी भिंतीवरून ओघळत होतं, आणि नेमका तिथंच तारेचा जोड होता. नुसता पीळ देऊन वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. आत तांबं हिरवं पडलेलं. गहिनीनाथनं टोकं खरवडली, नवा पीळ दिला, काळी टेप लावली. कूलर बंद केला. खोली भट्टीसारखी तापली, पण पुढच्या जोडणीला आकडा अठ्ठावीस हजारांवर गेला. निळी पट्टी डोळ्यांना दिसेल अशी पुढे सरकू लागली. पाव झाली, निम्मी झाली.

आणि तुटली.

पुन्हा जोडलं. या वेळी निम्म्याच्या आधीच तुटली. प्रज्ञा खुर्चीत मागे टेकली. "बाई, आता तार स्वच्छ आहे. तरी तुटतंय. म्हणजे कुणीतरी तोडतंय."

कुणीतरी म्हणजे कोण? तिकडे शहर जळतंय, माणूस बेपत्ता, आणि इथे न दिसणारं कुणी पत्र येऊ देत नाही. मी तिला पाणी दिलं आणि कलाबाईंना बघून यावं म्हणून मागच्या खोलीकडे वळले. प्रज्ञानं पुन्हा नंबर फिरवला, तो किंचाळणारा आवाज होऊन थांबला, आणि ती माझ्या मागोमाग आली.

दाराशीच आम्ही दोघी थांबलो.

कलाबाई कॉटवर बसल्या होत्या. क्रोशाचा रुमाल मांडीवर, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. डोळे मिटलेले. आमची चाहूल लागली तसं त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"थांबा. तिकडचं ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय, आत्या?"

"गलका. लई गलका हाय. मान्सं वरडत्यात, काय जळतंय तसा चर्र आवाज येतोय. तू ते लावतीस ना, तवाच येतो. काल लई मोठा हुता, आज वाईच कमी झालाय." त्या ऐकत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "गेला. आसाच येकदम बंद व्हतो. मंग कायच न्हाई."

पुढच्या खोलीत निळी पट्टी थांबली होती.

मोडेमचा तो सूं-सूं आवाज कलाबाई, पोरगा जिथे आहे तिथला दंगा समजून, ऐकत होत्या. आवाज आहे तोवर तिकडे माणसं आहेत, आणि त्या माणसांत आपला महेंद्र असेल, हा त्यांचा हिशेब. आणि ऐकायला त्या फोन उचलत तेव्हाच जोडणी मोडत होती. आवाज असा एकदम तुटला की त्या घाबरत आणि पुढच्या खेपेला त्या आणखी लवकर उचलत.

मला वाटलं प्रज्ञा आता ओरडेल. कुणीही ओरडलं असतं. तिचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिनं खाली घेतला. ती कॉटपाशी जाऊन खाली बसली.

"आत्या, तो तिकडचा आवाज नाही. आपल्याच मोडेमचा आहे. पत्र येताना तसा होतो."

"मंग बंद का व्हतो?"

प्रज्ञा घुटमळली. खरं सांगणं कठीण होतं. म्हणाली, "तुम्ही फोन उचलता ना, त्यानं पत्र मध्येच फुटतं."

कलाबाईंना कळेना. त्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. जन्मभर त्यांनी लोकांच्या वावरात मजुरी केली होती, पाटाच्या पाण्यावर दारं धरली होती, म्हणजे फावड्यानं एकेक वाफा फोडून पाणी फिरवलं होतं. हळूहळू त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटलं.

"म्हंजे खालच्या वावराला पानी चाललंय, आन मी वरच दार फोडतीया?"

प्रज्ञानं मान हलवली.

"दोन दिस?"

"तुम्हाला काय माहीत, आत्या."

कलाबाईंनी रिसीव्हर असा खाली ठेवला, जसं काही तो भाजला. "मेले मी. लेकराचं पत्र मीच खाल्लं." मग लगेच, "पन त्याचा फोन आला तर?"

"येऊ द्या. तो पुन्हा करेल. पत्र उतरू द्या एकदा."

"तू सांगतीस तर." त्यांनी स्वतःच वाकून भिंतीतली फोनच्या तारेची पिन उपटली. निर्जीव फोन मांडीवर घेतला आणि पुढच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरशेजारी जमिनीवर बसल्या. "हितं बसते. मागं बसले तर हात ऱ्हानार न्हाई माजा."

प्रज्ञानं नंबर फिरवला. गुंतलेला. पुन्हा फिरवला. किंचाळी झाली, आकडा आला, पट्टी निघाली. पाव. निम्मी. गहिनीनाथ उंबऱ्यात उभा होता. पाऊण. पट्टी थोडी अडली, आणि मला दिसलं की कलाबाईंनी मांडीवरचा फोन घट्ट आवळून धरला आहे. मग ती सरकली. भरली.

पहिलं पत्र महेंद्रचंच होतं, पण दंगलीच्या आधीचं. मिलनं दिलेल्या नव्या बिऱ्हाडाचा फोटो त्यानं स्कॅन करून पाठवला होता. एक खिडकी, दोन लोखंडी कॉट, भिंतीला टांगलेली त्याची छत्री. खाली लिहिलं होतं, उजेडाच्या बाजूची कॉट मी तुला ठेवली आहे. या फोटोनंच मागची वाट अडवून धरली होती.

दुसरं पत्र मिलच्या कचेरीचं. प्रज्ञानं ते वाचलं आणि तिचं वाचणं मध्येच थांबलं. मी खांद्यावरून पाहिलं. मिलच्या आवारातली सगळी माणसं सुखरूप आहेत. त्या सकाळी कामासाठी शहरात गेलेल्यांशी अजून संपर्क झालेला नाही. खाली नावं. महेंद्रचं त्यात होतं.

"काय लिवलंय?" कलाबाईंनी विचारलं.

"मिलमधली माणसं ठीक आहेत," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

तिसरं पत्र अगदीच एवढंसं. पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी, परदेशी. प्रज्ञाचा हात माऊसवर होता आणि तो दाबत नव्हता. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला डोळे मिटताना पाहिलं.

"आखूड हाय व्हय?" कलाबाईंनी विचारलं. त्यांना पडद्यावरचं अक्षर वाचता येत नव्हतं, पण सुनेचा चेहरा येत होता. "असू दे. उघड. आपुन दोघी हाय ना."

प्रज्ञानं दाबलं. इंग्रजी अक्षरांत मराठी होतं. तिनं मोठ्यानं वाचलं, "मी सिंगापूरला आहे. ठीक आहे. सामान तिकडेच राहिलं. दुसऱ्याच्या खात्यावरून लिहितोय. घरी किती वेळा फोन केला, सारखा गुंतलेला येतो. आईला सांग. महेंद्र."

कलाबाई म्हणाल्या, "ठिव आता तो फोन जाग्यावर," आणि त्यांना रडू फुटलं. गहिनीनाथ बाहेर जाऊन शिडी उचलू लागला. ती उचलायला त्याला फार वेळ लागला. फोन मोकळा झाल्यावर काही वेळानं घंटी वाजली. प्रज्ञानं तो कलाबाईंना घेऊ दिला.

महेंद्र परतला तो एका पिशवीनिशी. शहरात एका दुकानदारानं त्याला शटरमागे लपवलं आणि मग विमानतळावर पोचवलं होतं. त्याबद्दल तो कधी फारसं बोलला नाही. पुन्हा जायचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

पुढे केव्हातरी मी प्रज्ञाला विचारलं, "त्या दिवशी तू सासूबाईंवर रागावली नाहीस?"

"रागावले होते, बाई. फोन उचलला म्हणून नाही. दोन दिवस त्या तो आवाज ऐकत होत्या, दंगा आहे असं समजून, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. मी विचारलं, का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, तू आधीच भ्यालेली. आणि मीही ते दुसरं पत्र त्यांना अर्धंच वाचून दाखवलं होतं. बाई, भीती वाटून घेताना माणूस एवढा एकटा का होतो?"



कलाबाई नंतर दहा-अकरा वर्षं होत्या. महेंद्र आता नाशिकच्या एका कारखान्यात आहे, आठवड्याला घरी येतो. प्रज्ञा संगमनेरातल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं काम सांभाळते. सकाळी स्कूटरवर जाते आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास परत येते.